पिवळ्याची पट्टी

१२ जानेवारी

ती. वन्सं यांस,
सा. नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नका. दर महिन्याला ह्यांचं पत्र येतं, यावेळी माझं आलं, एवढाच फरक. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ह्यांचा पाय घसरला आणि उजवं मनगट लचकलं. हाड शाबूत आहे. पण पेन धरवत नाही, म्हणून हे खुर्चीत बसून सांगतात आणि मी लिहिते. तुम्हाला फोनवर ऐकू येत असतं तर ह्यांनी तासभर तुमचं डोकं खाल्लं असतं. आता माझं खातात.

फोटोही पाठवतेय. तुमचे कान गेल्यापासून नऊ वर्षांत एक महिना फोटोवाचून गेलेला नाही, तो यावेळी कसा जाईल? "आवाज नाही तर निदान तोंड तरी दिसू दे आक्काला," हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. मात्र यावेळी फोटो रंगीत नाहीत. ह्यांना नवीन खूळ लागलंय. म्हणतात, "आक्काने आयुष्यभर काळ्यापांढऱ्या फोटोंत रंग भरले, आपण रंगीत फोटोंतले रंग काढून तिला पाठवू. बसू दे शोधत."

काढायचं काम अर्थात माझ्याकडे. छापखान्यात दिवसभर मी दुसरं काय करते? शाळेची पुस्तकं एका रंगात छापायची, आणि लेखक पाठवतात झगझगीत रंगीत फोटो. ते कॉम्प्युटरवर घेऊन काळेपांढरे करायचे. लोकांना वाटतं, एक बटण दाबलं की झालं. तसं केलं तर लाल सफरचंद आणि हिरवं पान एकाच राखाडी रंगात येतात, आणि मुलांना सफरचंद कुठे संपलं तेच कळत नाही. म्हणून पडद्यावर प्रत्येक रंगाची एक पट्टी असते. लालाची, पिवळ्याची, हिरव्याची, निळ्याची. पट्टीवरचा मणी उजवीकडे सरकवला की तो रंग उजळतो, डावीकडे सरकवला की काळवंडतो. मालक म्हणतात, तुझ्या हाताखालून गेलेल्या फोटोत डोळा बरोबर जिथे जायला हवा तिथे जातो.

एका फोटोत हे खिडकीशी बसलेत, अंगावर तुम्ही विणलेली शाल आहे. दुसऱ्यात चहा पितायत. बारीक दिसतील. मीच तेलकट बंद केलंय. साठी जवळ आली की पोट आवरलेलं बरं.

तुमच्या छातीतलं ते नवीन यंत्र कसं आहे? हे रोज विचारतात. डॉक्टर सांगतील तसंच वागा, जिने चढू नका, आणि प्रवासाचं तर नावही काढू नका.

तुमची,
धाकटी

ता. क. हे विचारतात, अजून माझ्यावर रागावलीस का, की मी तुला सोडून बायकोचं ऐकतो? मी लिहिणार नव्हते, पण लिहायला लावलं.


२५ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. टिल्लूला सांग, अठ्ठावन्न वर्षांचा घोडा झाला, सहा फूट उंच, तरी जिना उतरता येत नाही. आठ वर्षांचा होता तेव्हाही जिन्यावरून उडीच मारायचा. तेव्हा मी खाली उभी असायचे. आता तू आहेस, तुला झेलता येत नसेल तर गादी टाकून ठेव.

आणि त्याला हेही सांग की मी बायकोचं ऐकण्यावरून कधीच रागावले नव्हते. माझं ऐकत नाही यावरून रागावले होते. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझं यंत्र टिकटिक करत नाही, नाहीतर मला वेळ तरी कळली असती. बरी आहे. शेजारीण भाजी आणून देते. गेल्या आठवड्यात तिने तो काचेचा फोन माझ्या हातात दिला, म्हणे यात भाऊ हलताना दिसेल. मी परत दिला. माणूस बोलताना दिसायचं आणि ऐकू यायचं नाही, म्हणजे माशाशी गप्पा मारल्यासारखं. कागद बरा.

फोटो पाहिले. तुझ्या हाताला सफाई आहे, मान्य करते. मी त्या स्टुडिओत बावीस वर्षं रंग भरत होते. बाटलीतला रंग, काडीला गुंडाळलेला कापूस, आणि पुढ्यात राखाडी माणसं. गिऱ्हाइकाला विचारायचं, कोट कोणत्या रंगाचा? बहुतेकांना आठवत नसे. मग राखाडीवरून आपणच ओळखायचं. एकदा एका बाईच्या नवऱ्याचा कोट मी हिरवा रंगवला. ती म्हणाली, "अहो, हे कोण?" मी म्हटलं, "तुमचे यजमान." ती म्हणाली, "आमच्या यजमानांचा कोट तपकिरी होता, हे दुसऱ्या कुणाचे तरी आहेत." तेव्हापासून मी राखाडी जरा जपून वाचायला शिकले.

एक विचारायचं राहिलं. ती शाल मी चौकड्यांची विणली होती, एक चौकोन पांढरा, एक पिवळा. फोटोत सगळे चौकोन पांढरे दिसतात. शाल धुतलीस का?

टिल्लूला म्हणावं, पुढच्या महिन्यातही फोटो पाठव. खिडकीपाशी बस, उजेड चांगला येतो.

आक्का


८ फेब्रुवारी

ती. वन्सं,
सा. नमस्कार.

शालीचं तुम्ही विचारलंत आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हो, चूक माझीच. लोकर गरम पाण्यात घालू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. घाईत बाकीच्या कपड्यांबरोबर बादलीत गेली आणि रंग उतरला. तुम्ही वर्षभर खपून विणलेली वस्तू. हे मला अजून चिडवतात. मला माहीत आहे, तुमच्या मनात आलं असेल की हिला एक शाल सांभाळता आली नाही, माझा भाऊ काय सांभाळणार. तसं लिहिलं नाहीत, त्याबद्दल आभार.

ह्यांची तब्येत छान आहे. मनगट अजून कुरकुरतं. दिवसा जरा झोपतात, कारण नोकरी संपल्यावर माणसाला दुसरं काम काय? चाळीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढले, आता भिंतीवरच्या भेगा बघून म्हणतात, "ही मुख्य वाहिनी, ही उपवाहिनी."

सोबत तीन फोटो आहेत. शाल घेतलेली नाही, म्हणजे तुम्हाला पुन्हा वाईट वाटायला नको. एकात हे हसतायत. मी म्हटलं होतं, "अहो, दात दाखवा, आक्का बघणार आहेत." तर म्हणाले, "दातच तेवढे पांढरे राहिलेत." मी ह्यांच्या केसांना मेंदी लावते, त्यावर विनोद केला असावा.

उन्हाळ्यात येईन असं तुम्ही मागे लिहिलं होतंत. येऊ नका. दोन गाड्या बदलून दीड दिवसाचा प्रवास तुमच्या छातीला झेपणार नाही. आम्हीच येऊ, हे बरे झाले की. म्हणजे मनगट बरं झालं की.

तुमची,
धाकटी


२४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

शालीचं एवढं मनावर घेऊ नकोस. लोकर आहे, माणूस नाही. दुसरी विणेन.

फोटो मिळाले. हसरा फोटो टेबलावर ठेवला आहे. टिल्लूला सांग की तो छान दिसतो. अगदी असंच सांग, "आक्का म्हणाली, छान दिसतोस." त्याच्या तोंडावर काय उमटतं ते मला लिही.

मी येत नाही. डॉक्टरही नको म्हणतात. तुम्ही या, तुम्हाला जमेल तेव्हा. घाई नाही.

बाकी काल बसल्या बसल्या आमच्या वडिलांची आठवण झाली. कशावरून झाली कोण जाणे, म्हातारपणी अशी येते. ते आजारी होते तेव्हा त्यांना खाणं नकोसं व्हायचं, पण कलिंगडाचा रस थंड करून चमच्याचमच्याने दिला की जायचा. अंगाला खाज सुटायची, तेव्हा नख लावू द्यायचं नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, जुनं मऊ कापड असेल तर बरं. आणि पायांखाली उशी. मी वीस वर्षांची होते, कुणी सांगायला नव्हतं, करून करून शिकले. टिल्लू आठ वर्षांचा, त्याला मी त्या खोलीत येऊ देत नसे. तो दाराच्या फटीतून बघायचा. मला वाटायचं, त्याला काही दिसत नाही.

हे सगळं तुला उगाच लिहिलं. तुला कशाला लागणार आहे? पण लिहिलेलं खोडवत नाही.

टिल्लूला माझा गालगुच्चा.

आक्का


२ एप्रिल

ती. वन्सं,
सा. नमस्कार.

मार्चचं पत्र राहिलं, क्षमा असावी. छापखान्यात नव्या पुस्तकांची धांदल होती. आताही घाईत लिहितेय. यावेळी फोटो नाहीत, कॅमेरा दुरुस्तीला दिलाय. हे झोपलेत. उठले की तुमचं पत्र पुन्हा वाचून दाखवायला सांगतात.

"छान दिसतोस" म्हटल्यावर काय झालं ते विचारलं होतंत. ह्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि उशीखाली ठेवलं.

कलिंगडाचं लिहिलंत ते बरं केलंत. सध्या बाजारात चांगली आली आहेत.

तुमची,
धाकटी


१९ एप्रिल

वन्सं,

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहितेय. तुमच्या शेजारणीचा नंबर असता तर फोन केला असता. मिळेल त्या पहिल्या गाडीने या. सोबत कुणाला तरी घ्या. तुमच्या छातीचं काय व्हायचं ते होईल, असं लिहायची माझ्यावर वेळ आली, पण आता दुसरा इलाज नाही.

मनगट लचकलं नव्हतं. ह्यांचं यकृत गेलंय. गेल्या सप्टेंबरात कळलं, तेव्हाच डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता फक्त त्रास कमी करायचा. हात थरथरतात, म्हणून लिहवत नव्हतं. डिसेंबरात डोळे पिवळे झाले, मग सगळं अंग. ह्यांनी आरशात पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: "आक्काला कळता कामा नये." मी म्हटलं, बहीण आहे, उद्या मला काय म्हणेल? तर म्हणाले, "तिने हा रंग एकदा बघितलाय. बाबांच्या वेळी दीड वर्षं बघत होती. पुन्हा नाही दाखवायचा." माझा हात त्यांच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली.

फोटो बंद केले असते तर तुम्हाला लगेच संशय आला असता. मग ह्यांनीच तोड काढली. रंगच काढून टाक. मी करून पाहिलं. नुसतं काळंपांढरं केलं तर डोळ्यांचा पांढरा भाग मळकट राखाडी यायचा, कुणीही ओळखलं असतं. मग पिवळ्याची पट्टी शेवटपर्यंत उजवीकडे नेली. डोळे स्वच्छ झाले. चेहरा फिका पडला, म्हणून लालाची पट्टी डावीकडे घेऊन ओठ परत आणले. एकेका फोटोवर दोन दोन तास बसायची मी. पडद्यावर हे बरे व्हायचे, वन्सं. मग कॉम्प्युटर बंद करायचा आणि घरी यायचं.

तुमची शाल मी धुतली नव्हती. तिचा पिवळाही त्या पट्टीबरोबर गेला. तुम्ही विचारलंत तेव्हा तोंडाला येईल ते खोटं लिहिलं. शाल कपाटात आहे, जशीच्या तशी.

चार दिवसांपासून ह्यांचं मधूनच भान जातं. मला ओळखत नाहीत. दाराकडे बघून "आक्का कुठाय" विचारतात. शुद्धीवर आले की मी विचारते, बोलावू का? तेव्हा नको म्हणतात. मी आता शुद्धीतल्या माणसाचं ऐकणार नाही.

या.

धाकटी


२२ मे

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

काल घरी पोहोचले. गाडीत जागा मिळाली. छाती ठीक आहे, तिला काही झालं नाही, निर्लज्जासारखी चालू आहे.

तुझ्या घरी तीन आठवडे राहिले, पण आपलं बोलणं झालं नाही. तू पाटीवर लिहायचीस, "जेवा", "झोपा", "गोळी घेतलीत का". मी मान हलवायचे. पाटीवर मोठं काही लिहिता येत नाही. म्हणून आता लिहिते.

मला माहीत होतं.

जानेवारीपासून. तुझा पहिला फोटो आला त्याच दिवशी. शालीचे चौकोन पांढरे दिसले तेव्हा आधी खरंच वाटलं, हिने धुतली. पण दुसऱ्या फोटोत चहाच्या कपाशेजारी बशीत अर्धं लिंबू होतं. तेही अंड्यासारखं पांढरं. लिंबू कोण गरम पाण्यात धुतं? म्हणजे कुणीतरी फोटोतून पिवळा तेवढा काढला होता. घरात पिवळं असं काय आहे की जे मला दिसू नये? मी शेजारणीला माळ्यावरून जुनी पेटी काढायला लावली. रंग बाटल्यांत वाळले होते, थेंबभर स्पिरिट घालून एक मऊ केला. काडीला कापूस गुंडाळला. आधी शाल रंगवली. मग लिंबू. मग कापूस डोळ्यांपर्यंत गेला आणि मी तो खाली ठेवला.

तुला "शाल धुतलीस का" विचारलं ते म्हणूनच. वाटलं, तू सांगशील. तू गरम पाण्याचं लिहिलंस. मी ओळखलं की सांगायचं नाही असं ठरलंय, आणि ते कुणी ठरवलं असेल तेही ओळखलं. मग मी स्वतःला सांगितलं, टिल्लूची इच्छा आहे ना, ती आपण पाळू. त्याला फसवायचंय, आपण फसू.

तेही पूर्ण खरं नाही. मी घाबरले, धाकटे. फेब्रुवारीत तिकीट काढलं होतं. पिशवी भरली होती. निघायच्या दिवशी सकाळी बाबांची खोली डोळ्यांपुढे आली, ती गादी, तो वास, आणि मी पिशवी उपसली. कलिंगड नि ओलं फडकं लिहून पाठवलं आणि घरात बसून राहिले. ज्याला मी कडेवर वाढवला त्याच्याकडे जायला मला तीन महिने पाय फुटले नाहीत. तू बोलावलंस तेव्हा आले. तू बोलावलं नसतंस तर आले असते का, मला सांगता येत नाही.

आल्या दिवशी त्याने मला बघून चादर तोंडावर ओढली. तू खिडकीचा पडदा लावलास, तेव्हा कुठे त्याने हात बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. ते तू पाहिलंस.

दुसऱ्या दिवशीचं मला विचारायचं आहे. तू औषध आणायला गेली होतीस. तो जागा झाला. चांगल्या शुद्धीत होता, डोळ्यांवरून कळत होतं. त्याने चादर ओढली नाही. माझ्याकडे बघून काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. मी वाकले, ओठ वाचायला बघितलं, पण ओठ सुकलेले, नीट हलत नव्हते. लिहून दे म्हणावं तर त्याचा हात तो असा. मग बहिरी माणसं जे करतात ते मी केलं. हसले, मान डोलावली आणि "हो" म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग डोळे मिटले. त्यानंतर तो शुद्धीत आला नाही.

मी कशाला हो म्हटलं? त्याने पाणी मागितलं असेल का? की "आक्का, मी जाणार का" असं विचारलं आणि मी हसून हो म्हटलं? रोज हेच डोक्यात आहे. मी मागे वळले तेव्हा तू दारात होतीस, हातात बाटली होती. तू कधी आली होतीस? ऐकलंस का?

ऐकलं असशील तर काय असेल ते लिही. वाईट असलं तरी.

आक्का


९ जून

आक्का,

तुमचं पत्र येऊन बारा दिवस झाले. पहिल्या दिवशी उत्तर लिहिलं ते फाडलं. दुसऱ्यांदा लिहिलं तेही फाडलं. त्यात नुसता राग होता. थोडा यातही येईल, तो सोसा.

तुम्हाला माहीत होतं. आणि मी इकडे शपथेने बांधलेली, कॉम्प्युटरपुढे बसून नवऱ्याच्या डोळ्यांतला पिवळा पुसत होते, तुमच्यासाठी. तुमच्या शालीबद्दल माफी मागत होते. कुणाजवळ रडायची सोय नव्हती, कारण ज्यांच्याजवळ रडायचं त्यांनाच फसवायचं होतं. तुम्ही एक ओळ लिहिली असतीत, नुसती "मला कळलंय" एवढी, तर मी त्या दिवशी जमिनीवर बसून पोटभर रडले असते. तुम्ही कलिंगडाचं लिहिलंत. मी ते पत्र वाचलं आणि मला कळलं नाही, इतकी मी दमले होते. नुसतं वाटलं, बरं झालं, रस जातोय.

तीन महिने तुम्ही ह्यांच्याजवळ बसू शकला असतात. हा माझा राग.

आता माझी बाजू. शपथ मला जड गेली नाही. लग्न होऊन एकतीस वर्षं झाली. काहीही घडलं की ह्यांच्या तोंडात आधी "आक्काला सांगू". पगार वाढला, आक्का. दात दुखला, आक्का. मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तर दवाखान्याच्या पायरीवरच म्हणाले, "आक्काला कसं सांगायचं?" मी शेजारी उभी होते. म्हणून डिसेंबरात जेव्हा ते म्हणाले की आक्काला सांगायचं नाही, तेव्हा मला, लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. पहिल्यांदाच एक गोष्ट आमची दोघांचीच होती. मरण होतं, पण आमचं होतं. पहिल्या महिन्यातच मी शपथ मोडायला हवी होती. मोडली नाही, कारण मोडायची नव्हती.

तेव्हा तुम्ही तिकडे घाबरून बसलात आणि मी इकडे दार लावून बसले. मधल्या मधे ते "आक्का कुठाय" विचारत राहिले. याचं काय करायचं ते मला माहीत नाही. तुम्हाला कळलं तर सांगा.

तुम्ही विचारलंत ते.

हो, मी ऐकलं. औषधाचं दुकान कोपऱ्यावरच आहे, मी लगेच परत आले होते. चपला काढत असताना ह्यांचा आवाज आला. बारीक होता, पण स्पष्ट. कितीतरी दिवसांनी मी तो आवाज ऐकला. पाणी मागितलं नाही त्यांनी. मरणाचंही काही विचारलं नाही.

ते म्हणाले, "आक्का, फसवलं की नाही तुला?"

तुम्ही हसलात, मान डोलावलीत आणि म्हणालात, "हो."

तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतात, पण तुम्ही ओठ वाचत होतात. मी चेहरा बघत होते. इतके खूश झालेले मी त्यांना सप्टेंबरनंतर पाहिलं नव्हतं. एखाद्या पोराने लपायची जागा शोधावी आणि ती कुणालाच सापडू नये, तसे. मग त्यांनी डोळे मिटले.

मला आत येता आलं असतं. औषधाची वेळ झाली होती. मी बाटली हातात घेऊन दारातच थांबले. म्हटलं, असू दे, त्या दोघांचं चाललंय.

तुमची,
धाकटी